आईंना डिमेन्शिया केंद्रात ठेवायचंय: तिथला दिवस कसा असतो आणि तुम्ही काय बघावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई ७८ वर्षांच्या. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) एका प्रकाराचं, निदान होऊन चार वर्षं झाली. आता त्या रात्री उठून दाराची कडी काढतात, अंघोळीला नको म्हणतात, संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ म्हणून रडतात. बाबा ८२ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार, झोप अर्धवट. तुम्ही बंगळूरला, बहीण परदेशात. घरी सांभाळायला ब्युरोतून आलेल्या बायका टिकल्या नाहीत. पुण्यातली दोन-तीन केंद्रं बघायची आहेत. तिथे दिवसभर नेमकं काय चालतं, आई रुळतील का, बाबांनाही तिथेच ठेवावं का आणि केंद्र चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं, हे तुम्हाला हवंय.

मी परिचारिका आहे. निवासी डिमेन्शिया केंद्रात रोजचं काम बघण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. त्या अनुभवातून सांगते.

वेळ झाली आहे. रात्री बाहेर पडणारी व्यक्ती आणि तिला सांभाळायला ८२ वर्षांचं एकटं माणूस, अशा घरात दोघांपैकी कुणीतरी पडणार, आणि बहुधा आधी बाबा पडतील. त्यामुळे ‘आपण आईला टाकतोय का’ या प्रश्नावर आणखी महिने घालवू नका. तुम्ही एकटे नाही आहात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यातली बहुतेक घरातच सांभाळली जातात आणि सांभाळणारा किती थकलाय हे कुणी विचारत नाही.

आई आणि बाबा यांच्या गरजा मात्र वेगवेगळ्या धरा. बाबांना वेळेवर जेवण, कपडे, गोळ्यांची आठवण आणि रात्री हाकेला ओ देणारं कुणीतरी हवंय. त्यांचं डोकं शाबूत आहे, त्यांचे निर्णय तेच घेणार. याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. पुण्याच्या आसपास ज्येष्ठांच्या वसाहती झाल्या आहेत, त्यांतल्या काहींत ही सोय असते. आईंना नुसतं ‘दात घासा’ सांगून भागत नाही. ब्रश हातात द्यावा लागतो, पेस्ट लावून द्यावी लागते, पहिले दोन हात आपण फिरवून दाखवावे लागतात, मग पुढचं त्या करतात. अशी टप्प्याटप्प्याची सोबत चोवीस तास देणारी जागा म्हणजे मेमरी केअर. तिथे बाहेरचं दार बंद असतं आणि ते पाहून नातेवाईक हबकतात. मला बंद दाराचं काही वाटत नाही. आत मोकळं फिरायला जागा आहे की नाही, ते मी बघते. चालत चालत पुन्हा त्याच जागी येता येईल असा व्हरांडा किंवा बाग असेल तर दिवसभर चालणारा माणूसही शांत राहतो. व्हरांड्याच्या टोकाला भिंत आली की तो तिथे थांबतो, भिंत चाचपतो आणि चिडतो.

सेवांची यादी बहुतेक केंद्रांची सारखीच असते: राहणं, चार वेळचं खाणं, अंघोळ-कपडे-शौचाला मदत, औषधं, परिचारिका, ठरलेल्या दिवशी डॉक्टर, फिजिओथेरपी, काही उपक्रम. माहितीपत्रकात सगळी केंद्रं उत्तमच दिसतात. माझ्या मते प्रश्न एकच विचारायचा: आईंचा आजवरचा दिवस हे केंद्र उचलणार आहे, की आईंना केंद्राच्या वेळापत्रकात बसवणार आहे? बाकी बहुतेक गोष्टी याच्या उत्तरावर ठरतात.

अंघोळीचंच बघा. आमच्याकडे एक आजी आल्या (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलते). घरी अंघोळीवरून रोज रणकंदन. ओरडायच्या, नखं मारायच्या. फाईलवर ‘आक्रमक’ असा शेरा. सुरुवातीला आम्ही नुसतं अंग पुसून घेतलं आणि घरच्यांना फोन लावत राहिलो. मुलाला काही सांगता येईना. शेवटी धाकट्या जावेने सांगितलं: वहिनी आयुष्यभर पहाटे, घर उठायच्या आत, बंबाच्या पाण्याने न्हायच्या आणि ओलेत्यानेच तुळशीला पाणी घालायच्या. आमच्याकडे अंघोळ साडेनऊला, पांढऱ्याफेक टाइल्सच्या बाथरूममध्ये, डोक्यावर शॉवर आणि दाराबाहेर माणसांची वर्दळ. दुसऱ्या दिवशी मावशी (रहिवाशांचं रोजचं सगळं करणाऱ्या मदतनीस बाईंना आम्ही मावशी म्हणतो) साडेपाचला गेल्या तेव्हा आजी जाग्याच होत्या. बादलीत गरम पाणी, शेजारी गार पाण्याची दुसरी बादली, पितळी तांब्या. खुर्चीचं गार प्लास्टिक टोचू नये म्हणून वर टॉवेल. अंगावर जुनी सुती साडी तशीच गुंडाळलेली, ती शेवटपर्यंत काढायची नाही. मावशी म्हणाल्या, ‘बघा बरं आजी, कढत आहे का.’ आजींनी दोन बोटं बुडवली आणि म्हणाल्या, ‘विसण घाल अजून.’ स्वतः तांब्या घेतला, आधी पायांवर, मग खांद्यावर. पाठ मावशींनी चोळली. त्यानंतर कुंडीतल्या तुळशीला पाणी. तेव्हापासून सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. अधूनमधून त्या नाही म्हणजे नाहीच म्हणतात आणि त्या दिवशी अंग पुसून भागवायचं. पण फाईलवरचा ‘आक्रमक’ शब्द आम्ही खोडला.

म्हणून आईंना न्यायच्या आधी बाबांजवळ बसून त्यांच्या सवयी लिहून काढा. ‘स्वभाव प्रेमळ, वाचनाची आवड’ असलं लिहू नका, त्याचा उपयोग नसतो. चहा कपात की पेल्यात, आलं चालतं का. कुठल्या कुशीवर झोपतात, पायाशी चादर लागते का. लहानपणी घरात कोणती भाषा होती. कोकणी, कानडी, तुळू, माहेरची जी असेल ती, कारण नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते. हाक कोणत्या नावाने मारायची: माहेरचं नाव, सासरचं नाव की ‘बाई’. जन्मभर शिकवलेल्या बाईंना ‘आजी’ म्हटलं की त्या मान वळवत नाहीत, ‘बाई’ म्हटलं की लगेच बघतात. कोणाच्या मृत्यूचा विषय काढायचा नाही. कशाची भीती आहे, पालीची, कुत्र्याची, अंधाराची. उपवास कोणते. शेवटचं फार कामाचं आहे. आपण सकाळी जेवलो हे आईंना आठवणार नाही, पण आज चतुर्थी आहे हे कॅलेंडरवर दिसलं तर जेवायला नकार देतील. त्या दिवशी राजगिरा, दूध, केळं तयार हवं. साबुदाणा चिकट असतो, ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना तो मी देत नाही.

भिंतीवर लावलेलं उपक्रमांचं वेळापत्रक मी फारसं बघत नाही. नऊ ते दहा योगा, दहा ते अकरा संगीतोपचार असं रंगीत छापून लावणं सोपं आहे. मी बघते ते माणसांचे हात. कुणी वाती वळतंय का, मटार सोलतंय का, मेथी निवडतंय का, टॉवेलच्या घड्या घालतंय का. निवडलेली मेथी खरंच स्वयंपाकात गेली पाहिजे, तेही आजींना दाखवून. डिमेन्शिया असलेल्या माणसालाही आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय हे कळतं. रामरक्षा किंवा लहानपणीची गाणी वाक्य जुळत नसतानाही ओठांवर येतात, ते मी रोज बघते. पण म्हणून काही सगळ्यांना सरसकट भजनाला बसवायचं नसतं. एका निवृत्त प्राध्यापकांना सकाळच्या आरतीचा ताप व्हायचा. त्यांना त्या वेळी बाहेर पेपर आणि बिनदुधाचा चहा दिला की घंटेचा आवाज चालायचा. पेपर कधी उलटाही धरलेला असे. तो सुलट करून देण्याची गरज नसते.

नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमजवळ वेस्प इथे २००९ साली ‘होगेवेक’ हे डिमेन्शियाचं गाव सुरू झालं. त्याचे व्हिडिओ नातेवाईक आम्हाला पाठवतात आणि असं आपल्याकडे कधी होणार म्हणून विचारतात. तिथली दुकानं आणि चौक पटकन नजरेत भरतात. मला त्यातली जास्त पटणारी गोष्ट साधी आहे: सहा-सात जणांचं एक घर आणि त्या घरात स्वयंपाक. पुण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्यात चालणाऱ्या छोट्या केंद्रालाही हे जमतं. फोडणीचा वास आला की भूक लागते. दूरच्या स्वयंपाकघरातून झाकलेली ताटं आली की अर्धी परत जातात.

खाण्याचं अजून थोडं. पांढऱ्या ताटात पांढरा भात आणि फिकं वरण वाढलं तर पुष्कळांना ते दिसतच नाही आणि घरचे म्हणतात जेवण सोडलं. लाल किंवा निळं ताट घ्या. एकदम चार वाट्या ठेवू नका, एकेक पदार्थ पुढे करा. जे एका जागी बसत नाहीत त्यांना थालीपीठाचे तुकडे, लाडू, इडली असं हातात धरून चालता चालता खाण्यासारखं द्यावं. तहान लागल्याचं सांगता येत नाही, त्यामुळे तासातासाला पाणी, ताक, पेज, सरबत पुढे करावंच लागतं. केंद्राला विचारा की वजन दर महिन्याला करता का, आणि मागच्या तीन महिन्यांचा तक्ता दाखवा म्हणा. वजन टिकलेलं असेल तर स्वयंपाकघराबद्दल वेगळं काही विचारायला नको.

संध्याकाळची वेळ कठीण असते. चार-साडेचारनंतर उजेड कमी होतो, दिवसभराचा थकवा साचलेला असतो, सावल्या लांबतात, आणि नेमकी तेव्हाच केंद्रात पाळी बदलते, म्हणजे ओळखीचे चेहरे पिशव्या उचलून निघतात. ते पाहून आपल्यालाही निघायचंय असं रहिवाशांना वाटतं. तुमच्या आईंचं ‘घरी सोडा’ याच वेळचं आहे. चांगलं केंद्र अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावतं, पडदे ओढतं, खायला देतं, आणि जाणारी बाई रहिवाशांच्या नजरेसमोर निरोप घेत नाही. या दोन तासांत माणसं जास्त लागतात, फक्त सांगायला नाही, शेजारी बसायला.

आणि ‘घरी जायचंय’ला काय म्हणायचं? ‘आता हेच तुमचं घर’ हे वाक्य मी आमच्याकडे बंद केलं आहे. त्याने घबराट वाढते. ‘तुमचं घर आता विकलं’ हे तर त्याहून वाईट. त्या क्षणी त्यांना जे घर हवंय ते बहुधा तुमच्या सोसायटीतला फ्लॅट नसतोच. घरी राहणाऱ्या आईंनाही घरी जायचं असतं, हे तुम्ही बघताच आहात. मावशी शेजारी बसते आणि विचारते, ‘घरी आत्ता कोण असेल हो?’ मग आई येते, अण्णा येतात, गाय येते, ओटीवरचा झोपाळा येतो. कधी त्या बोलून शांत होतात, कधी रडतात. रडल्या तर रडू द्यावं, हात धरावा. दोन फेऱ्या मारून चहाकडे वळवावं. कधीकधी घरी जायचंय म्हणजे लघवीला जायचंय असतं, तेही आधी बघायचं.

रात्रीबद्दल केंद्राला रोखठोक विचारा: रात्री किती माणसं जागी असतात? ड्युटीवर किती, हे वेगळं. जागी किती? आणि कुणी झोपलं नाही तर तुम्ही काय करता? उत्तरात पहिल्यांदा गोळी आली तर सावध व्हा. गिरणीत वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेले एक आजोबा आमच्याकडे होते. आले तेव्हा रात्री नऊला झोपेची गोळी चालू होती. अकराला गुंगीतच उठायचे, तोल जायचा, एकदा घरी पडलेही होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी केली. अकराला उठले की पायात चप्पल, अंगात स्वेटर, रात्रीच्या ब्रदरसोबत (पुरुष मदतनिसासोबत) एक चक्कर. सगळी दारं तपासून व्हायची, मग चहा-बिस्किट, आणि अडीच-तीनला स्वतःहून झोप. सकाळी दहापर्यंत त्यांना कुणी उठवायचं नाही, नाश्ता झाकून ठेवायचा. यासाठी लागलं काय, तर रात्री खरोखर जागा असलेला एक माणूस.

क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) औषधं तुमच्या वाचनात येतील. भास, तीव्र संशय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तेव्हा डॉक्टर ती विचारपूर्वक देतात आणि कधी ती लागतातही. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला आहे. म्हणून सुरू करण्याआधी कारण लिहिलेलं हवं, डोस कमीत कमी हवा आणि काही आठवड्यांनी ‘अजून लागतंय का’ हा प्रश्न डॉक्टरांनी पुन्हा विचारायला हवा. घरच्यांना न कळवता सुरू झालं तर हरकत घ्या, तो तुमचा हक्क आहे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही वेगळी, डिमेन्शियासाठीच दिली जाणारी औषधं. ती काही जणांना काही काळ मदत करतात, आजार थांबवत नाहीत. रिव्हास्टिग्मिनचा पॅच चालू असेल तर जुना काढला की नाही ते रोज बघायचं असतं. पाठीवर दोन पॅच राहिले तर उलट्या सुरू होतात, नाडी मंदावते.

एक नियम आमच्या प्रत्येक मावशीला पाठ असतो आणि तो तुम्हीही लक्षात ठेवा: डिमेन्शिया दोन दिवसांत वाढत नाही. काल बोलणाऱ्या आई आज गुंगीत आहेत, किंवा अचानक बडबड, भास, चिडचिड सुरू झाली, तर ‘आजार पुढे गेला’ म्हणून सोडायचं नाही. लघवीचा संसर्ग, शौचाला झालेली नाही, ताप, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, न दिसलेला मार, दुखणारी दाढ, नवी गोळी, यांतलं काहीतरी असतं. सर्दीची साधी गोळीही पुरते, कारण क्लोरफेनिरामिनसारखी औषधं आधीच अशक्त झालेल्या स्मृतीवर घाव घालतात. केंद्रात कुणी जाता जाता औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून देत नाही ना, हे विचारून घ्या.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या मावश्या आणि ब्रदर. अनेक जणी मराठवाड्यातून, विदर्भातून येतात, मुलं गावी ठेवून. त्यांना डायपर बदलायला शिकवणं एका दिवसाचं काम आहे. ‘माझी पाटली तूच चोरलीस’ असं रोज ऐकूनही न दुखावता ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणणं शिकायला महिने लागतात, आणि ते शिकलेली बाई सोडून गेली की आईंचं जग पुन्हा नव्याने सुरू होतं. म्हणून केंद्रचालकांना विचारा की सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं आहे, त्यांना सुट्टी मिळते का, त्या झोपतात कुठे, जेवतात काय. रहिवाशाच्या पलंगाखाली चटई टाकून झोपणारी, चोवीस तास कामावर असलेली बाई तिसऱ्या महिन्यात चिडचिडी होणारच, तिचा काय दोष. त्या केंद्राच्या भिंती कितीही सुंदर असू देत, मी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही.

आता न्यायचं कसं. आदल्या रात्री मोठं समजावून सांगू नका, त्याने फक्त रात्र जागी जाते. सकाळी, पोटभर खाऊन, त्यांची चांगली वेळ असेल तेव्हा न्या. ‘डॉक्टरांनी काही दिवस इथे राहायला सांगितलंय, आम्ही येत राहू’ एवढं पुरे. खोली आधी लावून ठेवा: त्यांची गोधडी, त्यांचा देव, तरुणपणचे फोटो. नातवंडांचे नवे फोटो त्यांना परके वाटू शकतात. सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र मात्र गळ्यातून काढू नका, तसंच दिसणारं खोटं करून घाला, नाहीतर मोकळ्या गळ्याला हात लावून त्या दिवसभर शोधत राहतील. चष्मा, कवळी, कानयंत्र यांवर नाव टाका. कवळ्या फार हरवतात, टिश्यूत गुंडाळून ठेवल्या जातात आणि कचऱ्यात जातात.

काही केंद्रं पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका म्हणतात. मला ते मान्य नाही. या, पण थोडा वेळ, सकाळी, आणि जेवण किंवा काम सुरू होताना निघा, म्हणजे मावशी त्यांना ताटाकडे नेते आणि तुम्ही रडारड न करता जाऊ शकता. पहिले काही आठवडे भूक-झोप बिघडते, तुमच्यावर राग निघतो. हळूहळू बहुतेक जण एखाद्या खुर्चीशी, एखाद्या मावशीशी, एखाद्या मैत्रिणीशी जुळतात. सगळेच रुळतात असं नाही, आणि दीडदोन महिन्यांनंतरही वजन उतरत असेल, भीती तशीच असेल तर केंद्र बदलण्याचा विचार करायला लाजू नका.

भेटीला गेलात की ‘मी कोण सांग’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मोठमोठी शिकलेली मुलं हे विचारतात आणि उत्तर चुकलं की डोळे पुसत बाहेर येतात. आईंसाठी ती रोज नापास होण्याची परीक्षा आहे. ‘आई, मी आलो, बंगळूरहून’ असं आपणच सांगावं. काहीतरी करायला न्या: डोक्याला तेल, नखं कापणं, पेरू चिरून खाणं. व्हिडिओ कॉलवरचा चेहरा पुष्कळांना गोंधळात टाकतो. बहिणीला सांगा, नुसता आवाज जास्त पोहोचतो, आणि लहानपणीचं गाणं म्हटलं तर आणखीच.

बाबांचं. दोघांना एकाच खोलीत ठेवू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. आईंच्या रात्रीने त्यांचीही रात्र जाते, आणि मेमरी केअरच्या बंद दारामागे शहाणं माणूस खचतं. त्याच आवारात असिस्टेड लिव्हिंगचा वेगळा भाग असेल तर उत्तम: दिवसा एकत्र, रात्री वेगळे. नसेल तर बाबा घरीच राहोत आणि केंद्र त्यांच्या रिक्षाच्या टप्प्यातलं निवडा. लांबच्या बागेवाल्या केंद्रापेक्षा जवळचं साधं केंद्र मी निवडेन, कारण बाबांचं रोज येणं आईंना बागेपेक्षा जास्त उपयोगाचं आहे आणि बाबांनाही दिवसाला एक काम राहील. त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. केंद्रात एखाद्या दिवशी आई दुसऱ्याच आजोबांचा हात धरून बसलेल्या दिसतील. ओळखीची ऊब हवी असते, माणूस चुकलेला असतो. बाबांनी शेजारी बसून दुसरा हात धरावा. आधी कल्पना नसेल तर हे दृश्य फार लागतं.

कागदपत्रांचं आजच बघा. आईंचं मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त असाल तर ऐका: भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २०१ नुसार, देणाऱ्या व्यक्तीची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. आपल्याकडे अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा सरळ वेगळा कायदा नाही, म्हणून मोठे व्यवहार अडले की लोकांना उच्च न्यायालयात जावं लागतं. बँक खाती, पेन्शन, घर यांत कुठे फक्त आईंचीच सही चालते याची यादी करा आणि वकिलाला दाखवा. बाबांचं इच्छापत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवणं) मात्र त्यांचं डोकं शाबूत असताना होऊ शकतं. वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आईंच्या बाबतीत पुढे गिळणं बंद होत जाईल तेव्हा नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न येईल. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. चमच्याने, धीराने, जेवढं जाईल तेवढं भरवणं हेच मी सांगते. पण तुम्ही तिघांनी डॉक्टरांसोबत हे आत्ता, शांतपणे बोलून ठेवा. मध्यरात्री फोनवर ठरवण्याची ही गोष्ट नाही.

केंद्र बघायला जाल तेव्हा पहिली भेट ठरवून घ्या आणि दुसरी न सांगता संध्याकाळी पाचला. वास घ्या: दुपारच्या लघवीचा वास एखाद्या खोलीत असणं समजू शकतं, सगळ्या घराला फिनेलचा उग्र वास असेल तर विचारा. रहिवाशांची नखं बघा, चष्म्याच्या काचा बघा, पायात स्वतःच्याच चपला आहेत का बघा. कुणाला खुर्चीला ओढणीने बांधलंय का बघा. मावशी रहिवाशाशी बोलताना खाली वाकते की वरून बोलते, ते बघा.

मग करार घरी नेऊन वाचा. डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका, रुग्णालयात सोबत, यांतलं मासिक रकमेत काय आणि वर काय, हे लेखी मागा. रुग्णालयात दाखल असताना केंद्राचे पैसे चालू राहतात का. अनामत किती दिवसांत परत मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं: कोणत्या परिस्थितीत केंद्र रहिवाशाला घेऊन जा म्हणेल. चालणं थांबलं तर? रात्री ओरडल्या तर? अंथरुणाला खिळल्या तर? ‘शेवटपर्यंत ठेवतो’ असं तोंडी बरेच जण सांगतात. ते करारात लिहून द्यायला सांगा आणि लिहून देईपर्यंत सही करू नका.